सारखेच दिसणारे बेडूक: ठाणे-नवी मुंबईत जात कशी ओळखायची?

जूनमध्ये पाऊस नीट लागला की ठाण्यात येऊरच्या पायथ्यापासून पनवेल-उरणच्या खाचरांपर्यंत रात्री बेडकांचा नुसता कल्लोळ असतो. निसर्गाची नव्याने ओढ लागलेली मंडळी टॉर्च घेऊन निघतात, फोटो काढतात आणि विचारतात, "हा कोणता?" मग कुणीतरी पटकन लॅटिन नाव सांगून टाकतं. बऱ्याचदा ते नाव त्या फोटोवरून सांगता येण्यासारखं नसतंच. आपल्याकडच्या कित्येक बेडकांच्या जाती रंगावरून किंवा पाठीवरच्या नक्षीवरून वेगळ्या काढता येत नाहीत. तज्ज्ञांनाही पाय मोजावे लागतात, आवाज तपासावा लागतो आणि शेवटी डीएनए बघावा लागतो.

म्हणून नाव शेवटी ठेवायचं. आधी गट, मग शरीर, मग ठिकाण आणि आवाज, आणि मिळाला तर डीएनए. पुरावा जिथे संपेल तिथे नावही थांबवायचं. "गट कळला, जात कळली नाही" हे पूर्ण उत्तर आहे आणि ते लिहिताना मुळीच संकोच वाटू देऊ नका.

निघण्याआधी

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे रात्री परवानगीशिवाय शिरणं, एखादा प्राणी पकडणं किंवा डबीत घालून घरी आणणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो. शिवाय तिथे बिबटे आहेत. नवख्या माणसाला त्या अंधारात जायची गरजही नाही. सोसायटीची बाग, उपवन तलावाचा काठ, रस्त्याकडेचं गटार, पनवेलकडची भातखाचरं एवढ्यावर पहिले दोन पावसाळे सहज निघतात. खाचरात जाणार असाल तर शेतकऱ्याला विचारा आणि बांधावरूनच चाला. लावणीच्या दिवसांत आवण तुडवलंत तर पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी उभं करणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

गमबूट हवेतच. जिथे बेडूक तिथे घोणस आणि मण्यार यायचीच. हाताला डासांचं मलम किंवा सॅनिटायझर लावलं असेल तर बेडकाला अजिबात हात लावू नका. त्याची त्वचा पाणी आणि हवा दोन्ही आत घेते, त्यामुळे तुमच्या हातावरचं रसायनही आत जातं. एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी बुटांचा चिखल धुवा आणि बूट पूर्ण वाळवा. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभरात उभयचरांच्या कितीतरी जाती संपवल्या आहेत. ती ओल्या चिखलातून पसरते आणि सह्याद्रीतही आढळली आहे.

फोटो कोणते हवेत

वरून काढलेला एकच सुंदर फोटो ओळखीसाठी जवळपास निरुपयोगी असतो. वरून एक, बाजूने एक (डोळा, कानाचा पडदा आणि वरचा ओठ दिसेल असा), नर ओरडत असेल तर गळ्याचा एक, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे मागच्या पायाचा. बोटं पसरलेली असताना त्यांच्यामधला पडदा कुठपर्यंत येतो ते त्यात दिसलं पाहिजे.

न पकडता पाय दिसणार कसा? उथळ पाण्यात तरंगणारा बेडूक मागचे पाय पसरूनच असतो. झाडबेडूक रात्री खिडकीच्या काचेला चिकटून बसतो, तेव्हा काचेच्या दुसऱ्या बाजूने त्याचं पोट आणि बोटांच्या टोकांवरच्या चकत्या आयत्याच दिसतात. लांबीसाठीही युक्ती आहे. बेडूक उडी मारून गेला की तो बसला होता त्याच पानावर किंवा दगडावर पट्टी ठेवायची आणि त्याच अंतरावरून आणखी एक फोटो घ्यायचा. लांबी मोजतात ती नाकाच्या टोकापासून मलद्वारापर्यंत. पाय त्यात धरत नाहीत.

मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख आणि ठिकाणाची माहितीही निघून जाते.

पहिली पायरी: गट ठरवा

हे काम सोपं आहे, पटकन उरकू.

कोरडी, खरखरीत कातडी, काळ्या टोकांचे चामखीळ, डोळ्याभोवती हाडाच्या काळ्या कडा आणि डोळ्यामागे फुगीर ग्रंथी दिसली तर तो आपला नेहमीचा भेक, दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. त्याची अंडी पाण्यात लांब दोऱ्यासारख्या माळांत असतात. बोटांच्या टोकांना गोल चकत्या आणि मांडीच्या मागच्या बाजूला पिवळे ठिपके असतील तर पॉलिपिडेटस मॅक्युलेटस हा झाडबेडूक. पाण्याच्या टाकीवर किंवा फांदीवर फेसाचं घरटं दिसलं तर ते बहुधा त्याचंच. तोंड अगदी निमुळतं, कानाचा पडदा बाहेरून न दिसणारा आणि पाठीवर मधे बारीक होत जाणारी गडद आकृती असेल तर इवलासा मायक्रोहायला. आणि झुडपातून टिकटिक ऐकू येते पण बेडूक काही सापडत नाही, तेव्हा रावोर्केस्टेस गटाचा विचार करा. या गटातल्या बेडकांची पिल्लं पाण्यात वाढत नाहीत, अंड्यातून थेट छोटा बेडूकच बाहेर येतो.

या गटातल्या एकाचं नाव रावोर्केस्टेस बॉम्बेएन्सिस आहे. नाव वाचून तो मुंबईचाच असणार असं नवख्यांना वाटतं. प्रत्यक्षात १९१९ साली त्याचं वर्णन झालं ते कर्नाटकातल्या कॅसल रॉकच्या नमुन्यावरून. तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात होता, एवढाच त्या नावाचा मुंबईशी संबंध. नावावरून ठिकाण आणि ठिकाणावरून नाव, दोन्ही गृहीत धरू नका.

दुसरी पायरी: मागचा पाय वाचा

खरी कसोटी तपकिरी-करड्या, जमिनीवरच्या किंवा पाण्याकाठच्या बेडकांची. ओल्या गवतात बसलेले चार वेगवेगळ्या गटांचे लहान बेडूक वरून पाहिले तर भावंडंच वाटतील. पाय बघितला की चौघे वेगळे होतात.

पाण्यावर तरंगणारा आणि चाहूल लागताच पाण्याच्या पृष्ठभागावरूनच टणाटण उड्या मारत जाणारा युफ्लिक्टिस घ्या. त्याच्या बोटांमधला पडदा थेट बोटांच्या टोकापर्यंत भरलेला असतो. हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस, म्हणजे पावसाळ्यात नर पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन निळ्या पिशव्या फुगवतो तो मोठा बेडूक. त्याचाही पडदा जवळजवळ पूर्ण असतो, पण पाठीवर कातडीच्या लांब उभ्या घड्या असतात. मोठा नर कुणीही ओळखेल. फसवतात ती त्याची पिल्लं, कारण ती आकाराने बाकीच्यांएवढीच असतात.

मिनर्व्हारियाच्या पायात पडदा साधारण अर्ध्यावर थांबतो आणि बोटांची टोकं मोकळी राहतात. पाठीवरच्या घड्या आखूड आणि तुटक असतात. पोटाच्या कडेने काखेपासून जांघेपर्यंत एक बारीक रेघ जाते. ही रेघ या कुळातल्या फेजेरव्हारिया आणि मिनर्व्हारिया या दोन जवळच्या गटांची खूण आहे. बाजूने काढलेला फोटो नीट असेल तर ती दिसते.

चौथा स्फेरोथेका. गोलमटोल, आखूड पायांचा, जमिनीत पुरून राहणारा. बोटांमध्ये पडदा नावालाच. पण टाचेकडच्या बाजूला, पहिल्या बोटाच्या बुडाशी, एक टणक उंचवटा असतो आणि त्याची कड फावड्याच्या पात्यासारखी धारदार असते. हा बेडूक मागे मागे सरकत त्याच उंचवट्याने माती उकरतो आणि बघता बघता दिसेनासा होतो. मिनर्व्हारियाच्या पायावरही त्याच जागी उंचवटा असतो, पण तो छोटा आणि लांबट गोल. फोटो मोठा करून हे दोन शेजारी शेजारी एकदा बघितलेत की पुन्हा गोंधळ होणार नाही.

जुन्या वर्णनांत आणखी एक माप सतत येतं. मागचा पाय शरीराच्या बाजूने पुढे दुमडला तर घोटा कुठे पोचतो: कानाच्या पडद्याशी, डोळ्याशी की नाकपुडीशी? यावरून पाय शरीराच्या मानाने किती लांब आहे ते कळतं. हे माप संग्रहालयातल्या नमुन्यांसाठी आहे. जिवंत बेडकावर करून बघू नका, त्याचा पाय दुखावतो. वर्णन वाचताना अर्थ लागावा एवढ्यासाठी माहीत असू द्या.

तिसरी पायरी: मिनर्व्हारियाचा गुंता

इथे जरा थांबू, कारण ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यात सगळ्यात जास्त दिसणारे आणि सगळ्यात जास्त चुकीची नावं मिळालेले बेडूक हेच.

जुन्या याद्यांमध्ये यांना सरसकट "लिम्नोकॅरिस" म्हटलेलं आढळेल. ते नाव १८२९ साली जावा बेटावरच्या बेडकाला दिलं गेलं. पुढे दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या जवळपास प्रत्येक लहान, तपकिरी, भातखाचरातल्या बेडकावर तेच चिकटवलं गेलं. १९१९ मध्ये अ‍ॅननडेल यांनी पुणे, सातारा, नाशिक भागातल्या लहान चणीच्या बेडकांना "सह्याद्रेन्सिस" हे वेगळं नाव दिलं, तेही लिम्नोकॅरिसचा उपप्रकार म्हणून. आज ती स्वतंत्र जात मानतात. मधल्या शंभर वर्षांत गटाचं नावही बदलत गेलं: आधी राना, मग लिम्नोनेक्टिस, फेजेरव्हारिया, २०११ मध्ये सुचवलेलं झाकेराना आणि २०१८ पासून भारतीय जातींसाठी मिनर्व्हारिया. एकच बेडूक पाच नावांनी सापडतो, म्हणून जुना संदर्भ वाचताना नावापेक्षा वर्णन आणि ठिकाण बघा. कोणतं नाव आज चालू आहे हे तपासायला अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची जगातल्या उभयचरांची ऑनलाइन यादी चांगली आहे. प्रत्येक जुन्या नावाचा इतिहास तिथे दिलेला असतो.

सह्याद्रीत या गटात भर पडतेच आहे. २०१७ मध्ये आंबोलीहून मिनर्व्हारिया सेपफाय आणि २०१८ मध्ये गोव्याहून मिनर्व्हारिया गोएमची यांची वर्णनं झाली. २०२१ मध्ये सोनाली गर्ग आणि एस. डी. बिजू यांनी द्वीपकल्पीय भारतातल्या या सगळ्या गटाची डीएनएच्या आधारे फेरतपासणी केली. तपासणीत काही जुनी नावं एकाच जातीची ठरतात, तर एका नावाखाली दडलेल्या काही जाती वेगळ्या निघतात. दोन्ही दिशांनी हिशेब बदलतो.

शरीरावर काय बघायचं? पूर्ण वाढलेल्या नराची लांबी, कारण या गटात काही जाती जेमतेम अंगठ्याच्या नखाहून मोठ्या असतात तर काही दुप्पट. त्यासाठी तो पूर्ण वाढलेला आहे हे आधी कळलं पाहिजे. ओरडणारा नर म्हणजे प्रौढ, एवढं नक्की. न ओरडणाऱ्या लहान बेडकाची लांबी मोजून काहीच सिद्ध होत नाही. मग नराच्या गळ्यावरच्या काळसर डागाचा आकार, तोंडाच्या कोपऱ्यामागची फिकट ग्रंथी किती ठळक आहे, पडद्याची नेमकी मर्यादा, पाठीवरच्या घड्या. पाठीच्या मधोमध जाणारा पिवळट पट्टा मात्र सोडून द्या. एकाच खाचरातल्या एकाच जातीत काहींना तो असतो, काहींना नसतो. नवखे नेमके त्या पट्ट्यावरच जात ठरवतात.

आवाज ऐका

दिसायला सारख्या दोन जाती एकाच खाचरात राहत असतील तर मादी त्यांना आवाजावरून वेगळं करते. म्हणून आपणही करायचं. साध्या फोनवर एकाच नराच्या जवळून अर्धा-एक मिनिट रेकॉर्डिंग घ्या, टॉर्च बंद करून. सुरुवातीला तारीख, वेळ, ठिकाण आणि तापमान स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. तापमान विसरू नका. गारव्यात तोच नर सावकाश ओरडतो, त्यामुळे दोन रात्रींच्या रेकॉर्डिंगमधला फरक जातीचा न निघता हवेचा निघू शकतो. घरी आल्यावर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ध्वनीचा आलेख काढा. एका हाकेत किती ठोके, ठोक्यांमधलं अंतर किती, मुख्य वारंवारता किती, हे डोळ्यांना दिसतं. मोठ्या शरीराच्या बेडकाचा आवाज साधारणपणे खालच्या पट्टीतला असतो.

जनुकांची साक्ष: नमुना न घेता निकाल वाचायला शिका

डीएनएसाठी ऊतक घेणं हे परवानगी असलेल्या संशोधकांचं काम आहे. वनविभागाची परवानगी लागते, आणि नमुना देशाबाहेर जाणार असेल तर २००२च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाचीही. पण शोधनिबंध वाचता यायचे असतील तर आत काय चालतं ते कळायला हवं.

तोंडातून फिरवलेला कापसाचा बोळा, बेडूकमाशाच्या शेपटीचं टोक (ते पुन्हा वाढतं) किंवा संग्रहातल्या नमुन्याचा लहानसा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात. फॉर्मालिनमध्ये ठेवला तर डीएनए तुटतो. संग्रहालयातले जुने नमुने दिसायला उत्तम असूनही जनुकांसाठी अवघड जातात ते यामुळे. मग डीएनए वेगळा करून पीसीआरने एका ठराविक जनुकाच्या प्रती वाढवतात. प्राण्यांच्या बारकोडिंगसाठी सगळीकडे सीओआय हे जनुक वापरतात, पण उभयचरांमध्ये त्याच्या सुरुवातीच्या जागा इतक्या बदलतात की पीसीआर वारंवार फसतं. म्हणून बेडकांसाठी मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागातलं) १६एस जनुक नेहमीचं झालं. त्याचा सुमारे ५५० अक्षरांचा तुकडा वाचतात.

मशीनमधून निकाल येतो तो चार रंगांच्या शिखरांचा आलेख. प्रत्येक शिखर म्हणजे ए, सी, जी, टी यांपैकी एक अक्षर. सुरुवातीची आणि शेवटची काही शिखरं अस्पष्ट असतात, ती कापून टाकतात. मधेच एका जागी दोन रंगांची शिखरं एकावर एक दिसली तर नमुन्यात दुसऱ्याचा डीएनए मिसळला असावा अशी शंका घ्यायची. ही साफसफाई न करता पुढे गेलं की काल्पनिक फरक तयार होतात आणि त्यांवर नवी जात उभी राहायची भीती असते.

साफ केलेला तुकडा जेनबँक या सार्वजनिक भांडारात ब्लास्ट या साधनाने शोधतात. समजा उत्तर आलं "फेजेरव्हारिया लिम्नोकॅरिस, ९९ टक्के". इथेच नवखा थांबतो, आणि इथेच थांबायचं नसतं. त्या नोंदीवर क्लिक करा. नमुना कुठला आहे? भारतातला असेल तर ते जुनं, सरसकट दिलेलं नाव असण्याची दाट शक्यता आहे. नमुना एखाद्या संग्रहालयात क्रमांक देऊन ठेवलेला आहे का? नोंद कोणत्या शोधनिबंधातून आली? ९९ टक्के हे त्या दोन डीएनएमधलं साम्य आहे. त्यावर चिकटवलेलं नाव बरोबर आहे की नाही ते या आकड्यातून कळत नाही.

किती फरक म्हणजे वेगळी जात? १६एसमध्ये साधारण तीन टक्के, म्हणजे ५५० पैकी १६-१७ जागा, ही पुढे तपासण्याजोगी खूण मानतात. तिच्याकडे नियम म्हणून बघू नका. काही जाती त्याहून कमी फरकावर वेगळ्या ठरल्या आहेत, आणि एकाच जातीच्या दूरदूरच्या वस्त्यांमध्ये त्याहून जास्त फरकही सापडतो.

न्यूटांमुळे कळलेली एक गोष्ट

मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, जणू आईकडूनच पुढे जाणारं आडनाव. दोन जातींचा संकर झाला तर हे आडनाव एका जातीतून दुसऱ्या जातीत शिरतं आणि पुढच्या पिढ्यांत टिकून राहतं. न्यूट म्हणजे बेडकांसारखेच उभयचर, पण पालीसारखे शेपटीवाले. युरोपातल्या न्यूटांमध्ये हे अगदी स्वच्छ दिसलं. कार्पेथियन पर्वतातला लिसोट्रायटन मोंटँडोनी दिसायला आणि पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांनी (ती आई-वडील दोघांकडून येतात) वेगळी जात आहे, पण त्याच्या वस्त्यांमध्ये मायटोकॉन्ड्रिया सापडतात ते शेजारच्या लिसोट्रायटन व्हल्गॅरिसचे. फक्त मायटोकॉन्ड्रिया बघितले असते तर एक अख्खी जात दिसलीच नसती. म्हणून आता गंभीर अभ्यासात आरएजी१सारखी केंद्रकातली जनुकंही तपासतात.

शरीराची साक्षही न्यूटांमध्ये उत्तम सापडते. युरोपातल्या ट्रायट्युरस गटात बरगड्या असलेल्या मणक्यांची संख्या एक्स-रेमध्ये मोजतात. आखूड, दणकट अंगाच्या जातींत ती १२, तर लांब, सडपातळ डॅन्यूब न्यूटमध्ये १६-१७ पर्यंत जाते. प्राणी मारावा लागत नाही आणि मोजणीत मतभेदाला फार जागा राहत नाही. बेडकांमध्ये इतकी सोयीची एकच खूण सहसा मिळत नाही.

सह्याद्रीत न्यूट नाहीत. भारतात ते दार्जिलिंग आणि ईशान्येकडे भेटतात. दार्जिलिंगच्या न्यूटला कितीतरी वर्षं टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस म्हणत होते. ते नाव मुळात १८७१ मध्ये चीनच्या युन्नानमधल्या न्यूटला दिलेलं. २०१५ मध्ये शरीर आणि जनुकं दोन्ही तपासून हिमालयातला न्यूट टायलोटोट्रायटन हिमालयानस म्हणून वेगळा केला गेला. आपल्याकडच्या लिम्नोकॅरिससारखीच ही गोष्ट आहे.

महाराष्ट्रातही हे घडलं आहे. सासवडजवळच्या पुरून राहणाऱ्या बेडकाला २०१७ मध्ये आनंद पाध्ये, नीलेश दहाणूकर आणि सहकाऱ्यांनी स्फेरोथेका पश्चिमा हे नाव दिलं. त्याआधी त्याला ब्रेव्हिसेप्स म्हणत. २०१५ मध्ये हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा हा बेडूक मलबारिकसपासून वेगळा काढला, त्यातही पाध्ये आणि दहाणूकर होते. तुमच्या हातात २०१० आधीची यादी असेल तर ही दोन्ही नावं तिच्यात नसणार.

नोंद कशी लिहायची

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका किंवा वहीत लिहा, मजकूर असा असू दे: "मिनर्व्हारिया, जात अनिश्चित. ओरडणारा नर, गळ्यावर काळसर डाग, लांबी अंदाजे २५ मिमी (पानावर पट्टी ठेवून). बोटांमध्ये पडदा अर्ध्यापर्यंत. भातखाचराचा बांध, पनवेल तालुका, रात्री साडेआठ, २६ अंश. आवाजाची फाइल सोबत." अशी नोंद दहा वर्षांनीही कुणाच्या कामी येते. नुसता "सह्याद्रेन्सिस, खात्रीने" लिहिलं तर ती तपासताच येत नाही.

सॉफ्टवेअरने फोटोवरून सुचवलेलं नाव गटापर्यंत बहुधा बरोबर असतं. जातीपर्यंत ते आपोआप स्वीकारू नका. तुमच्या भागात त्या नावाच्या नोंदी जास्त असतील तर यंत्र तेच नाव पुन्हा सुचवतं, लोक ते स्वीकारतात आणि चूक वाढत जाते.

काही वर्षांनी तुमच्या नोंदीतल्या बेडकाचं नाव बदलेल, हे धरूनच चाला. तेव्हा जुनं नाव खोडू नका. त्याच्याखाली तारीख घाला, नवं नाव लिहा आणि ते कोणत्या आधारावर बदललं, म्हणजे पायाच्या मापावर, आवाजावर की डीएनएवर, तेही एका ओळीत टाका.